सदर प्रकरण विचाराधीन आहे

भारताचं नागरिकत्व मिळवायचा सगळ्यात बिनखर्चाचा मार्ग म्हणजे आपल्या घराच्या ओट्यावर बसून राहणे. आमच्या आजोबांनी तो पत्करला आणि तडीस नेला. ते जन्मले तेव्हा वाशिमचा मालक कागदोपत्री हैदराबादचा निजाम होता आणि कारभार इंग्रजांचा, कारण १९०२ साली निजामानं अख्खं वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्यानं देऊन टाकलं होतं. इंग्रजांनी ते मध्य प्रांताला जोडलं. इंग्रज गेले, मध्य प्रांताचा मध्य प्रदेश झाला. १९५६ साली आजोबा मुंबई राज्यात गेले, १९६० साली महाराष्ट्रात आले. या सगळ्या प्रवासात ते ओट्यावरून उठले ते जेवायला, निजायला आणि बालाजीच्या दर्शनाला. मधे २६ नोव्हेंबर १९४९ रोजी राज्यघटनेतली नागरिकत्वाची कलमं लागू झाली. बहुतेक घटना लागू व्हायला अजून दोन महिने होते, पण नागरिकत्वाचं काम तातडीचं मानलं गेलं. या खात्यात तातडी दिसल्याची ती बहुधा शेवटचीच नोंद. त्या दिवशी आजोबा भारताचे नागरिक झाले. त्यांना ते कुणी कळवलं नाही, त्यांनीही चौकशी केली नाही. फोटो नाही, झेरॉक्स नाही, प्रतिज्ञापत्र नाही.

आमच्या गल्लीत कटपीसचं दुकान चालवणारे दादा मात्र ओट्यावर जरा उशिरा पोचले.

दादा सिंधी. नाव सांगत नाही, कारण प्रकरण विचाराधीन आहे. शिवाय माझे हे दादा थोडे नागपूरच्या जरीपटक्यातले, थोडे जळगावचे, थोडे अकोल्याचे आणि उरलेले आमचे आहेत. त्यांचे मोठे काका फाळणीनंतर लगेच, १९४८ च्या जूनमध्ये, सिंधमधून निघून आले. घटनेच्या सहाव्या कलमानं १९ जुलै १९४८ ही तारीख ठरवून दिली आहे. तिच्या आत इकडे येऊन राहिले ते नागरिक, नंतर आले त्यांनी नोंदणी करायची. काका महिन्याभरानं वाचले. दादांचे वडील मागं राहिले. घराला बरं गिऱ्हाईक मिळालं की निघतो म्हणाले. गिऱ्हाईक पाहता पाहता चाळीसेक वर्षं गेली, वडीलही गेले, आणि नव्वदच्या दशकात दादा एक ट्रंक, बायको आणि एक व्हिसा घेऊन वाशिमला उतरले. काकांची नातवंडं आज नगरपालिकेच्या निवडणुकीत उभी राहतात. दादा त्यांच्या प्रचाराला फिरतात, मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्या माणसांना स्कूटरवरून केंद्रापर्यंत सोडतात आणि संध्याकाळी सगळ्या गल्लीत ज्यांच्या बोटाला शाई नाही असे ते एकटेच मोठे गृहस्थ असतात.

बाकी त्यांच्याकडे सगळं आहे. पॅन आहे, आधार आहे, जीएसटीचा नंबर आहे. कर भरून घ्यायला सरकारला नागरिकच लागतो असं नाही. एवढ्या एका बाबतीत सरकारचं मन मोठं आहे.

नागरिकत्व अधिनियम १९५५ सालचा. त्याच्या पाचव्या कलमात दादांची सोय आहे. मूळ भारतीय वंशाचा माणूस, म्हणजे ज्याचे आईवडील अविभाजित भारतात जन्मले असा, इथं सात वर्षं राहिला की नोंदणीसाठी अर्ज करू शकतो. दादांनी सात वर्षं काढली आणि अर्ज केला. तो अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. त्यांनी पोलिसांचा अहवाल घेऊन ६० दिवसांत राज्य सरकारकडे पाठवायचा आणि राज्य सरकारनं ३० दिवसांत दिल्लीला गृह मंत्रालयाकडे. साठ अधिक तीस. दादांच्या धाकट्याला तेव्हा शाळेत हीच बेरीज होती. तो आता बँकेत लागला आहे.

या काळात दादांना एका गोष्टीचं फार नवल वाटायचं. पाकिस्तानी नागरिकाला व्हिसा मिळायचा तो ठरावीक गावापुरता. दीर्घ मुदतीच्या व्हिसावाल्यांचे हे नियम आता सैल झाले, राज्याच्या हद्दीत फिरायला मोकळीक मिळाली; पण त्या काळी अकोल्याला लग्नाला जायचं म्हटलं तरी आधी पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात अर्ज करावा लागे, कारण जिल्ह्यात परदेशी माणसांची नोंद ठेवणारे अधिकारी तेच. वाशिम ते अकोला एसटीनं दोन तास. परवानगी येईस्तोवर नवरीचं डोहाळजेवण. "माही फाइल पाहा ना," दादा म्हणायचे, "मुंबईले जाऊन आली, दिल्लीले जाऊन आली, आता म्हणते पुन्हा मुंबईले हाय. पूरा भारत फिरून रायली ते. अन् मी इथं बसून!"

फाइल दिल्लीला असली तरी तिची सावली दादांच्या दुकानात, गल्ल्याखालच्या कप्प्यात असते. ती एका साडीच्या दुकानाची चेनवाली प्लास्टिकची पिशवी आहे. ती मी पाहिली आहे. सगळ्यात वर आवक शिक्का मारलेली पोहोच. शिक्क्याची शाई इतकी फिकी पडली आहे की तारीख आता फक्त दादांनाच वाचता येते. खाली वडिलांच्या शाळेचा दाखला, सिंधी लिपीत, त्याखाली त्याचं इंग्रजी भाषांतर, त्याखाली भाषांतरकाराच्या ओळखपत्राची झेरॉक्स, आणि त्या झेरॉक्सची झेरॉक्स, कारण पहिली कुणीतरी ठेवून घेतली. मग त्रुटीची पत्रं. "अर्जातील रकाना क्र. ११ मध्ये खाडाखोड आहे." एका कोपऱ्यात रबर लावून ठेवलेले पासपोर्ट साइज फोटो. दर वेळी सहा काढायचे, चार लागायचे, दोन उरायचे. उरलेले जोडीजोडीनं पाहत गेलं की दादांच्या मिशा काळ्या, करड्या, पांढऱ्या होतात आणि शेवटच्या दोन फोटोंत नाहीशा होतात. फोटोतला माणूस अर्जदारच कशावरून, अशी शंका एका टेबलावर आली होती. दादांनी मधले सगळे फोटो ओळीनं मांडून दाखवले. शंका विचारणाऱ्यानं ओळ पुरी पाहिली आणि खुर्चीतून उठून त्यांना पाणी दिलं, असं दादा सांगतात. यातलं पाणी खरं असावं.

थांबणं या बाबतीत वाशिमकराला कुणी शिकवायला नको. इंग्रजांच्या काळी बासिम नावाचा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडून अकोल्याला जोडला. मग मागण्या, ठराव, मोर्चे वगैरे यथासांग होऊन १ जुलै १९९८ रोजी वाशिम पुन्हा जिल्हा झाला. म्हणजे जिल्ह्याचाच अर्ज ९३ वर्षं पडून होता. त्यामुळे आमच्याकडे कुणी 'दहा वर्षं झाली हो' म्हणून कण्हू लागला की मोठी माणसं त्याच्याकडे पाहून फक्त सुपारी कातरतात. आणि कारंजावरून जाणारी आपली शकुंतला? देशभरच्या रेल्वेकंपन्या स्वातंत्र्यानंतर सरकारनं ताब्यात घेतल्या, ही अरुंद रुळांची यवतमाळ–मूर्तिजापूर गाडी राहून गेली. रुळांची मालकी इंग्रजी अमदानीत निघालेल्या खासगी कंपनीकडेच राहिली आणि भारतीय रेल्वे वर्षानुवर्षं तिला पैसे मोजत राहिली. वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं, मग डिझेल आलं, पुढे गाडीच बंद पडली. तिच्या भारतीयत्वाचा निर्णय लागण्याआधीच ती वारली. दादांना हे मी सांगितलं तेव्हा ते दिवसभर बोलले नाहीत.

आता जन्मानं नागरिक असलेल्यांचंही पाहू, कारण त्यांना वाटतं आपलं काम पक्कं. कायदा म्हणतो, २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत जो भारतात जन्मला तो नागरिक, मग आईबाप कुणीही असोत. १ जुलै १९८७ पासून पुढे जन्मला तर आईबापांपैकी एक तरी नागरिक पाहिजे. ३ डिसेंबर २००४ नंतर अट आणखी आवळली. दिल्लीतल्या ज्या कुणी १ जुलै ही तारीख निवडली त्याला आमच्या जिल्हा परिषद शाळांतले गुरुजी ठाऊक नव्हते. पोराला शाळेत घालताना बाप म्हणायचा, "तूर काढाच्या वक्ताले झाला." गुरुजी एकदा पोराकडे पाहायचे, त्याला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावायचे आणि रजिस्टरात लिहायचे, १ जुलै. अर्धा जिल्हा १ जुलैचा आहे. जिल्हा स्वतःही १ जुलैचाच. गुरुजींनी एक दिवस अलीकडे, ३० जून लिहिलं असतं, तर १९८७ ची अख्खी पिढी आईबापांच्या कागदपत्रांच्या भानगडीतून सुटली असती. पण त्या दिवशी त्यांना पगारपत्रक करायचं असणार.

म्हणून बारावीनंतर आपल्या पोरांनाही 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र' काढावं लागतं. जूनमध्ये सेतू केंद्रापुढं जी रांग दिसते ती, आपण भारतीय आहोत असं तहसीलदारांच्या सहीनं ऐकायला उभी असते. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ सालचा. मुदतीत दाखला दिला नाही तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. ही बातमी मी दादांना मोठ्या उत्साहानं दिली. ते म्हणाले, "पण तो कायदा राज्याचा. माहं काम केंद्राचं." बघा, घटनेचं सातवं परिशिष्ट पाठ असलेला माणूस आणि त्याला नागरिकशास्त्र शिकवायला निघालो मी.

माहितीच्या अधिकाराचंही तेच. मी म्हटलं, दादा, अर्ज कुठं अडला ते विचारून टाका, तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. दादांनी पिशवीतून कायद्याचं पुस्तक काढलं आणि तिसरं कलम माझ्यापुढं धरलं. माहितीचा अधिकार सर्व नागरिकांना आहे. नागरिकांना! आपल्याला नागरिकत्व का मिळालं नाही हे विचारायचं तर आधी नागरिक व्हायला पाहिजे. मग मी माझ्या नावानं अर्ज केला. उत्तर वेळेत आलं, हे कबूल केलं पाहिजे. सदर माहिती त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती असल्याने देता येत नाही. दादांना माझं वैयक्तिक काही विचारता येत नाही आणि मला दादांचं. संध्याकाळी आम्ही दोघं एकाच बाकावर बसून चहा घेतो.

दरम्यान सरकारनं सवलती दिल्या नाहीत असं नाही. २३ डिसेंबर २०१६ रोजी पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती अर्जदारांसाठी नागरिकत्व देण्याचे अधिकार थेट जिल्हाधिकाऱ्यांना मिळाले. सात राज्यांतल्या सोळा जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना. महाराष्ट्रातले चार : नागपूर, मुंबई, पुणे आणि ठाणे. फी हजारांवरून १०० रुपयांवर आली. दादांनी यादी खालून वर वाचली, मग वरून खाली. मे २०२१ मध्ये आणखी तेरा जिल्हे आले. मोरबी आलं, पाली आलं, बलौदाबाजार आलं. वाशिम नाही. नीती आयोगाच्या यादीत मात्र आमचा जिल्हा चटकन बसला होता. २०१८ पासून तो 'आकांक्षित जिल्हा' आहे, महाराष्ट्रातल्या चारांपैकी एक. आकांक्षेच्या बाबतीत आम्हाला कुणी वगळत नाही. "नागपूरले ऱ्हायले गेलो तं?" दादांनी विचारलं. जाता येतं, पण मग पत्ता बदलायचा, व्हिसाची नोंद तिकडे न्यायची, नव्या पोलिसांचा नवा अहवाल. शिवाय उधारी वाशिमची. उधारीची बदली होत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये राज्यसभेत आकडा आला : नागरिकत्वाचे १०,६३५ अर्ज प्रलंबित, त्यातले ७,३०६ पाकिस्तानी नागरिकांचे. दादांनी ती बातमी कापून ठेवली. कुठल्याही सरकारी कागदात त्यांचा उल्लेख असल्याचा तो पहिला पुरावा होता.

याच्या कितीतरी आधी एका जाणकारानं (असा जाणकार प्रत्येक कचेरीबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभा असतो) सल्ला दिला की पाचवं कलम सोडा, सहाव्यातून करा, म्हणजे स्वीकृत नागरिकत्व. तिथं गंमत आहे. अर्जदाराला घटनेच्या आठव्या परिशिष्टातली एक भाषा पुरेशी येत असल्याचा दाखला लागतो. सिंधी त्या परिशिष्टात १९६७ सालीच आली आहे. राष्ट्रगीतात तर सिंध त्याहून आधीपासून आहे, दादा नाहीत. पण दादांच्या सिंधीला दाखला देणारा गुरुजी आमच्याकडे कुठून मिळणार? तेव्हा मराठीचा घ्यायचं ठरलं. मुख्याध्यापक कडक. म्हणाले, असा कसा दाखला देऊ, मराठीत चार वाक्यं बोलून दाखवा. दादा म्हणाले, "सर, तुमच्या सफारीच्या कापडाचे पैशे दिवाळीपासून बाकी हायेत. आता तूर निघाली. सोयाबीनबी विकलं तुमी. मंग कवा देता?" मुख्याध्यापकांनी जागीच लिहून दिलं की अर्जदाराचं मराठीवर उत्तम प्रभुत्व असून त्यांचे उच्चार स्पष्ट आहेत.

दुसरी अट, नागरिकत्व घेण्याचा आपला इरादा जिल्ह्यात खपणाऱ्या दोन वर्तमानपत्रांत जाहीर करायचा, म्हणजे कुणाला आक्षेप असेल तर त्यानं कळवावं. आमच्याकडे 'जाहीर नोटीस' या मथळ्याखाली लोक एकच गोष्ट वाचतात. सकाळी दुकान उघडायच्या आत तिघंजण येऊन उभे. "दादा, दुकान काढलं म्हणते विकाले? कितीत देता?" सरकारकडे आक्षेप एकही गेला नाही. दुकानाला मात्र दोन मागण्या आल्या, त्यातली एक काकांच्या नातवाची.

आणि तिसरी अट, अर्जदाराच्या चारित्र्याबद्दल भारतीय नागरिकांची प्रतिज्ञापत्रं, दोन. एक दिलं आमच्या ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांनी आणि दुसरं माझ्या भाच्यानं. भाचा तेव्हा पुण्यात इंजिनियर होता, सुट्टीवर आला होता, मोकळा होता. त्याचं पुढं सांगतो.

सगळ्यांचेच अर्ज असे लोंबकळतात असं मात्र मानू नये. गेल ऑम्व्हेट अमेरिकेतून आल्या, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या झाल्या आणि १९८३ साली भारताच्या नागरिक झाल्या. तशाच अमेरिकेतून आलेल्या फलटणच्या मॅक्सीन मावशी तर अशा मराठी झाल्या की त्यांना भाषेचा दाखला मागणाऱ्याचंच शुद्धलेखन तपासावं लागलं असतं. गायक अदनान सामीला १ जानेवारी २०१६ पासून नागरिकत्व मिळालं. ती बातमी दुकानातल्या टीव्हीवर लागली तेव्हा दादा बराच वेळ पाहत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटी बाहेर काढली. आठवडाभर गल्लीनं सहन केलं, मग दादांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनीच, भाता फाटल्याचं जाहीर केलं.

डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व सुधारणा कायदा झाला. त्यात मुसलमान नाहीत यावरून देशभर रान पेटलं. आमच्या चौकातही सभा झाल्या, दोन्ही बाजूंच्या. माझ्या मते धर्मावरून रांगा वेगळ्या करण्याबद्दलचा आक्षेप वाजवी होता आणि दादांची गरजही वाजवी होती. पण सभेत एका वेळी एकच गोष्ट बोलायची पद्धत आहे. दोन्ही मांडवांत दादांचा उल्लेख झाला. आवक क्रमांक कुणी विचारला नाही. आणि कायदा होऊन त्याचे नियम यायला किती काळ लागावा? १० जानेवारी २०२० ला कायदा अमलात आला आणि नियम आले ११ मार्च २०२४ ला. मधल्या चार वर्षांत गृह मंत्रालय संसदीय समितीकडे पुन्हा पुन्हा मुदतवाढ मागत राहिलं. दादांच्या चेहऱ्यावर समाधान मी पाहिलं ते तेव्हा. रांगेत खुद्द मंत्रालय आपल्या मागं उभं आहे, हे सुख मोठं.

नव्या नियमांत अर्ज ऑनलाइन आहे आणि जिल्हा समितीचे प्रमुख आहेत टपाल खात्याचे अधीक्षक. जिल्हाधिकारी नाहीत, पोलीस नाहीत, पोस्ट! अर्ज पुढं राज्यातल्या अधिकारप्राप्त समितीकडे जातो, तिचे प्रमुख जनगणनेचे संचालक. दादा खूश. "पोस्टात माही आरडी हाय. ओयखते ते लोक मले." शिवाय मुदत संपलेली कागदपत्रंही चालतील, असं नियमात स्वच्छ म्हटलं आहे. ती साडीची पिशवी त्या दिवशी कृतार्थ झाली. पिशवीत मुदत न संपलेलं असं फक्त काकूंचं लिंबाच्या लोणच्याचं टिपण होतं. १५ मे २०२४ रोजी दिल्लीत पहिल्या चौदा जणांना प्रमाणपत्रं दिली गेली. दादांनी फोटो मोठा करून चौदाही चेहरे पाहिले.

आता भाचा. पुण्याहून तो अमेरिकेत गेला आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत लागला. तिथं नोकरीवाल्यांसाठी वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं आणि कुठल्याही एका देशाला त्यातली सात टक्क्यांहून जास्त नाहीत. एवढाल्या भारतालाही सात टक्के आणि जेमतेम वाशिम जिल्ह्याएवढ्या देशालाही सात टक्के. त्यांचं परराष्ट्र खातं दर महिन्याला कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते जाहीर करतं आणि आमची ताई ते पंचांगासारखं वाचते. मुहूर्त निघाला का एवढंच पाहायचं. कधीकधी ती तारीख मागं जाते. पुढच्या तारखा आम्ही दिवाणी कोर्टात पाहिल्या आहेत, मागची तारीख पडलेली पाहायला मात्र अमेरिकेतच जावं लागतं. भाच्यानं धीर सोडला आणि तो कॅनडाला गेला. तिथं कायम रहिवासी म्हणून पाच वर्षांत १,०९५ दिवस राहिलं की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. त्यानं दिवस भरले, शपथ घेतली, झाला कॅनेडियन. २०२२ या एका वर्षात २,२५,६२० जणांनी भारताचं नागरिकत्व सोडलं, त्यांत आमचा एक. दादांनी आकडा ऐकला आणि सरळ हिशोब मांडला : "एवढ्या जागा खाली झाल्या नं? मंग मले एक द्या की बाप्पा. बदलीवर घ्या."

गेल्या हिवाळ्यात भाचा वाशिमला आला. ओसीआय कार्डाचा त्याचा अर्ज तिकडे अडला होता, म्हणून व्हिसावर आला. कायद्याच्या नवव्या कलमानं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतल्याक्षणी भारताचं संपतं, हे त्याला माहीत होतं. परदेशी पाहुणा घरी उतरला की यजमानानं चोवीस तासांत फॉर्म भरून कळवायचं असतं, हे मात्र त्यालाही माहीत नव्हतं, ताईलाही नाही, मलाही नाही. आमच्या आजोबांच्या ओट्यावर त्यांचा पणतू परदेशी म्हणून बसला होता आणि त्याचा फॉर्म दादा भरून देत होते. कोणता रकाना रिकामा सोडायचा, फोटोचा आकार किती, 'वास्तव्याचे प्रयोजन' इथं 'आईला भेटणे' लिहू नये, कसं लिहावं, सगळं तोंडपाठ. "अन् पोहोच घ्याची बरं का भाऊ," दादा म्हणाले. "पोहोचबिगर कागद सोडाचा नाई. इंडियात पयलंदाच आले तुमी." भाचा आयुष्यात पहिल्यांदा दादांच्या पाया पडला.

त्यातूनच सध्याची अडचण निघाली. नव्या अर्जालाही चारित्र्याचं प्रतिज्ञापत्र लागतं; आता एकच पुरतं, पण ते भारतीय नागरिकाचं पाहिजे. पूर्वी सही करणारे मास्तर वारले. भाचा भारतीय राहिला नाही. मी दिलं असतं, पण माहितीच्या अधिकारातल्या त्या अर्जामुळं माझं नाव 'त्रयस्थ' म्हणून कुठंतरी नोंदलं गेलं असेल, अशी दादांना धास्ती आहे आणि इतक्या वर्षांनंतर त्यांना जोखीम नको.

तरी या लेखाच्या वाचकांपैकी जो कुणी भारतीय नागरिक असेल, आणि दादांच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत तसाच राहण्याचा ज्याचा इरादा असेल, त्यानं कृपया वाशिमला यावं आणि कटपीसवाल्या दादांची चौकशी करावी. तरुण असल्यास बरं. आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स सोबत आणाव्यात आणि तिथल्या कुणालाही मूळ कार्ड ठेवून घेऊ देऊ नये.